विटांचं धुराडं

दोघंही खाली पडले होते आणि मी एकटी होते.

शेडचं दार ओढून उघडलं, आतला पोत्याचा जाड पडदा बाजूला केला, तरी आधी काही दिसेना. मग भट्टी दिसली. निखाऱ्यावर राख चढायला लागली होती. भट्टीत खुपसलेल्या पट्टीचं टोक जळून उंदराने खाल्ल्यासारखं झालं होतं. चामड्याचा भाता पोट रिकामं करून खाली बसला होता. भात्याच्या दांड्याखाली माझा जावई प्रशांत पालथा पडला होता. त्याच्या पायाशी शेजारचा लेन, एका कुशीवर. लेनच्या उजव्या हाताची बोटं प्रशांतच्या बुटाच्या नाडीत अडकलेली होती.

मी हाका मारल्या. कोणी हललं नाही. आत धूर नव्हता. वास होता तो रोजचाच. पण दोन श्वास घेतले आणि माझं डोकं गरगरलं, तेव्हा कळलं की हवाच वाईट आहे. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, हे आमच्या गावात लहान पोरालाही माहीत होतं.

मी बाहेर आले, छाती भरून वारा घेतला, पदर नाकातोंडाला गुंडाळला आणि परत आत गेले. पदराने काही होत नाही हे माझ्या मुलीने, वैशालीने, नंतर सांगितलं. ती नर्स आहे. तेव्हा ती हॉस्पिटलात ड्यूटीवर होती.

एका वेळी एकालाच ओढता येणार होतं. माझं वय सत्तरीच्या पुढे, आणि दोघंही माझ्यापेक्षा जड. मी एकाचे बूट धरले आणि मागे सरकत ओढायला लागले. कोणाचे, ते सांगते. पण आधी लेन कोण होता ते सांगायला हवं, नाहीतर वाचणारा त्याला मूर्ख म्हणेल. मूर्ख नव्हता. हट्टी होता.

आम्ही परदेशात, वेलिंग्टनजवळच्या अप्पर हट गावात राहतो. प्रशांत इंजिनियर आहे. भूकंपात कुठली इमारत उभी राहील आणि कुठली पडेल ते तपासणं हे त्याचं काम. त्यासाठी तो रोज ट्रेनने वेलिंग्टनला जातो. वैशालीच्या ड्यूट्या कधी सकाळच्या, कधी दुपारच्या. मला इथे आणल्यावर, नात शाळेत गेली की, मी दिवसभर घरात एकटी. एक दिवस कुंपणापलीकडून ऐरणीचा आवाज आला.

माझे वडील लोहार. सातारा जिल्ह्यात आमची लोहारकी होती. चौथीनंतर मला शाळेतून काढून भात्यावर बसवलं, ते लग्न होईपर्यंत. त्या दिवसांची मला ओढ वगैरे नाही. उन्हाळ्यात भट्टीपुढे बसलेल्या माणसाला भट्टीची ओढ लागत नाही. पण पलीकडे कोणी नुसतं ठोकत नव्हतं, घडवत होतं, एवढं कानाला कळलं. म्हणून बघायला गेले.

परसात लाकडी शेड, आणि शेडमधून वर गेलेलं लाल विटांचं जाडजूड धुराडं. दारात पाय ठेवला तर आतून एक उंच, वाकलेला, पांढऱ्या भुवयांचा म्हातारा ओरडला, "स्टॉप!" हातातला हातोडा त्याने माझ्या पायांकडे रोखला. माझ्या पायात वैशालीच्या जँडल्स होत्या, म्हणजे आपल्या रबरी चपला. इथे लोक त्या घालून दुकानात, बँकेत, सगळीकडे जातात. लेनच्या शेडमध्ये चालत नसत.

"घरी जा. बूट घालून या," तो म्हणाला. त्याचं बोलणं मी माझ्या मराठीत लिहिते आहे. इंग्लिश मला तेव्हाही निम्मंच कळत होतं.

मला राग आला. तशीच घरी गेले. दुसऱ्या दिवशी प्रशांतचे जुने पळायचे बूट घालून परत गेले. लेनने बूट बघितले, नाक मुरडलं, कोपऱ्यातून चामड्याच्या जुन्या बुटांचा एक लहान जोड काढला आणि माझ्यापुढे गुडघ्यावर बसला. गुडघे कडकड वाजले. त्याने माझ्या नाड्या स्वतः बांधल्या, ओढून, दुहेरी गाठीच्या.

ही त्याची रीत होती. दाराशी लहानमोठ्या जुन्या बुटांची रांग असे. आत येईल त्याला त्यातलाच जोड घालावा लागे आणि नाड्या लेनच बांधे, पाद्री असो की पोस्टमन. कोणी म्हणालं, "मला येतं की बांधता," तर तो म्हणे, "दिसतंय." सैल बुटात निखारा शिरतो, आणि नाचणारा माणूस भट्टीत पडतो, असं त्याचं म्हणणं.

माझ्याहून तो दहाएक वर्षांनी मोठा. तरी मला 'आजी' म्हणायचा, कारण नातीच्या तोंडून तोच शब्द त्याने ऐकला होता. मी म्हटलं, "अहो, तुम्ही आजोबा. मी आजी कशी?" तो म्हणाला, "इथे कोणीतरी मोठं हवं ना. तुम्ही व्हा." त्यानंतर मी त्याला अरेतुरे करायला लागले. त्याला फरक कळत नव्हता, मला बरं वाटायचं.

त्याचा बाप इंग्लंडमध्ये लोहार, आजाही लोहार. तरुणपणी बोटीने तो इथे आला. येताना बापाची ऐरण आणि भाता घेऊन आला. कपड्यांची ट्रंक मागून आली म्हणे. ऐरणीवर कोणी चहाचा कप ठेवला तर तो कप उचलून बाहेर गवतावर ओतून टाके, मग तो चहा कोणाचाही असो. हे मला पटलं. आमच्यातही ऐरणीला पाय लागू देत नाहीत. खंडेनवमीला मी त्याच्या ऐरणीला हळदकुंकू लावलं, झेंडूच्या जागी परसातलं पिवळं फूल वाहिलं. तो हात मागे बांधून बघत उभा राहिला. मग विचारलं, "हे कधीपर्यंत पुसायचं नाही?"

मी म्हटलं, "आज काम बंद. उद्या पुसलंस तरी चालेल."

त्याला निम्मंच कळलं असावं. कारण पुढे कित्येक दिवस तो ऐरणीच्या त्या कोपऱ्याला हातोडा लागू न देता अवघडून काम करत होता. शेवटी मीच ओल्या फडक्याने पुसलं. म्हटलं, "बास झालं तुझं."

तो शेती-अवजारं करत नव्हता. फाटकं, कठडे, कंदिलाच्या दांड्या, असलं शोभेचं लोखंड करायचा, इंग्लंडच्या जुन्या पद्धतीचं. मला आधी हसू यायचं. लोखंडाची फुलं-पानं करून काय करायचं? आमच्या वडिलांनी जन्मभर विळे, कुदळी आणि बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा केल्या. पण लेन सळईचं टोक पातळ करून ते वळवायला लागला की मी चहा विसरायचे. ते वळण मला वेलांटीसारखं दिसे, म्हणून मी त्याला वेलांटीच म्हणे. वेलांटी मधूनच ताठ झाली, एखाद्या ठिकाणी कोपरा आला, तर तो ती पाण्यात टाकायचा आणि दुसरी सळई घ्यायचा. म्हणायचा, "कोंबडीचा गुडघा झाला."

दोन पट्ट्या जोडायला तो विजेचं वेल्डिंग कधी वापरत नसे. त्याला तो 'डिंक' म्हणे. त्याच्या फाटकात पट्टीला भोक आणि भोकात दुसऱ्या पट्टीचं टोक बसवून ठोकलेलं, नाहीतर दोन वेलांट्यांच्या कमरेला लाल तापवलेलं कडं आवळलेलं. कडं थंड होताना आकसतं आणि धरून बसतं. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात तसंच. हे मी त्याला हातवाऱ्यांनी सांगितलं, तेव्हा तो एकदम खूश झाला आणि मला बिस्किटाचा अख्खा डबा दिला.

तिसरा जोड तावाचा. दोन्ही टोकं पांढरी होईपर्यंत तापवायची, वर वाळू टाकायची, ऐरणीवर एकावर एक ठेवायची आणि ठोकायची. लोखंड लोखंडात मिसळतं, शिवण उरत नाही. ताव थोडा कमी पडला तर चिकटत नाही, थोडा जास्त झाला तर जळून जातं. सगळी परीक्षा रंगावर. आणि रंग उजेडात कळत नाही. म्हणून तावाचा जोड असला की लेन दार लावायचा, पडदा ओढायचा, खिडकीला पोतं टांगायचा. दार लावलेलं असलं की कोणी उघडायचं नाही. उघडलं तर तो मागे वळूनही न बघता जे काही बोलायचा ते वैशालीने मला कधी सांगितलं नाही.

एकदा पलीकडच्या गल्लीतला एक गृहस्थ गाडीवर घालून फाटक घेऊन आला. तयार विकत आणलेलं, काळं चकचकीत, मधे गुलाब. म्हणाला, "अस्सल ब्रिटिश डिझाइन आहे. जरा एक बिजागरी बसवून दे."

लेनने गुलाबावर नखाने टिचकी मारली. "हा गुलाब ओतलाय," तो म्हणाला. "साच्यातून पडलाय. त्या साच्यातून याची हजार भावंडं पडली असतील."

"मग काय बिघडलं?"

"काही नाही. लांबून हात कर त्याला. हात मिळवू नकोस."

बिजागरी मात्र दिली बसवून. त्या माणसाला काही कळलं नाही. मला कळलं. लेनने मग मला ती सगळी कथा सांगितली, हातांनी, चित्रं काढून, आणि रविवारी प्रशांत असला की त्याच्याकरवी. इंग्लंडात एके काळी राजाने परदेशी कारागीर बोलावून वाड्यांसाठी पानाफुलांची फाटकं करून घेतली. ती बघून गावोगावचे लोहार शिकले. पुढे ओतीव लोखंडाचे कारखाने आले. एकाच साच्यातून रस्तेच्या रस्ते भरतील एवढी कुंपणं निघायला लागली, आणि लोहार घोड्याच्या नालांवर आले. नंतर घोडेही गेले. पूर्वीचं घडीव लोखंडसुद्धा आता कोणी करत नाही. त्याने एक जुना तुकडा अर्धा कापून वाकवून मोडून दाखवला. आत उसाच्या चोयट्यासारखे धागे होते. हे लोखंड तो कुठून आणायचा? जुन्या जहाजांच्या नांगराच्या साखळ्या. त्या तोडून, तापवून, ठोकून त्याच्या पट्ट्या करायचा.

त्याच्या जन्माच्या सुमारास मोठं युद्ध चालू होतं. सरकारने घराघरांची लोखंडी कुंपणं कापून नेली. त्याच्या गल्लीतली कापायचं काम त्याच्या बापालाच दिलं. आजाने केलेली कुंपणं बापाने कापली. लेनने लहानपणी फक्त भिंतीतले खुंट बघितले. ते लोखंड युद्धात वापरलंच नाही, कुठेतरी फेकून दिलं, असं लोक म्हणत. खरं-खोटं त्यालाही माहीत नव्हतं. "बापाने मला पहिलं काम काय शिकवलं माहीत आहे, आजी?" तो म्हणाला. "खुंट घासून बोथट करायला. पोरं पडून लागायचं म्हणून."

हे सांगताना तो रडला वगैरे नाही. सांडशी शोधत होता.

तर फाटक. टेकडीखाली जुनं कबरस्तान आहे. त्याचं फाटक इंग्लंडहून जहाजातून आलेलं, दोन दारांचं. एक दार कधीतरी ट्रकने धडकून मोडलं आणि कोणीतरी भंगारात टाकलं. दुसरं एकटंच उभं होतं. लेनने त्याची जोडी करायला घेतली. कोणी सांगितलं नव्हतं, त्यानेच जाऊन परवानगी मागितली. मी बघत होते तेव्हापासून तेच काम चाललं होतं. जुन्या दाराची पानं एकेक मोजून, तशीच, पण उलट्या बाजूने वळलेली.

आणि भांडण होतं ते धुराड्याचं.

पहिल्यांदाच शेडमध्ये आला तेव्हा प्रशांतने नाड्या बांधून घेतल्या आणि भट्टीकडे न बघता वर बघितलं. "लेन, हे सिंगल विटेचं आहे. आत सळई नाही, काही नाही. हे पाडावं लागेल."

"माझ्या बापाच्या शेडला असंच होतं. अजून उभं आहे."

"इंग्लंडात उभं आहे. इकडे जमीन हलते. सगळ्यांनी काढली विटांची धुराडी, पत्र्याचे पाइप बसवले. मी एका वीकेंडला करून देतो, हीप्स ऑफ टाइम आहे माझ्याकडे."

"पत्र्यातून विस्तव शिट्टी वाजवतो. विटेतून श्वास घेतो," लेन म्हणाला.

मी मधे पडले. "आमची भट्टी लिंबाखाली होती. चारी बाजूंनी उघडी. धुराडंच नव्हतं. माझ्या बापाने काय कमी काम केलं?" हे प्रशांतने इंग्लिशमधे सांगितलं.

लेन म्हणाला, "आजींना सांग, त्यांच्या बापाने तावाचा जोड इथल्या जूनच्या हिवाळ्यात, बर्फाच्या वाऱ्यात देऊन दाखवावा."

"मेला माझा बाप," मी म्हटलं. "तू दार बंद करून बसतोस, वरून विटांचं भुयार. एक दिवस मरशील."

हेही प्रशांतने सांगितलं. लेन हसला. मग त्याने आम्हाला त्याचा कागद दाखवला. रोज सकाळी, विस्तव घालायच्या आधी, तो वर्तमानपत्राचं एक पान पिळून पेटवायचा आणि धुराड्याच्या तोंडात धरायचा. ज्वाळा हुस्स करून वर ओढली गेली की धुराडं मोकळं. पक्ष्याने घरटं केलं असेल, काही पडलं असेल, तर ज्वाळा बाहेर येते. "बापाचा नियम," तो म्हणाला. "सकाळी कागद, मग विस्तव. एकदाही चुकला नाही."

मी त्याचं शेडमधलं येणं-जाणं इतके दिवस बघितलं आहे. खरंच चुकला नाही.

शेवटी प्रशांतने त्याला शब्दात बांधून घेतलं. फाटक टांगलं की धुराडं पाडायचं. लेनने हात मिळवला. आणि फाटक लवकर व्हावं म्हणून प्रशांत शनिवार-रविवार स्वतःच भात्यावर उभा राहायला लागला. वैशाली म्हणायची, "आई, याला सांग ना. सुट्टीच्या दिवशी तरी घरी बस म्हणावं." मी म्हणायचे, "तूच सांग. माझा जावई आहे, तुझा नवरा आहे."

त्या शनिवारी फाटकाचा एकच जोड राहिला होता. वरच्या मोठ्या वेलांटीचा, मधल्या दांडीला. तावाचा जोड.

सकाळी लेनने कागद लावला. मी दारातच होते, डब्यातून लाडू द्यायला गेले होते. ज्वाळा वर गेली. मी घरी आले. दुपारपर्यंत त्यांनी पट्ट्या तयार केल्या, आणि जेवायला दोघंही आमच्याकडे आले. पिठलं-भाकरी केली होती. नात मैत्रिणीकडे गेली होती. लेन पिठलं चमच्याने खायचा, भाकरी शेवटी, बिस्किटासारखी.

जेवण निम्मं झालं असेल, तेव्हा जमीन हलली. इथे हलते, नवीन काही नाही. आधी ट्रक जावा तसा आवाज, मग एक दणका, मग मांडणीतली भांडी खणखणली. प्रशांत टेबलाखाली गेला आणि मला हाताला धरून खाली ओढलं. लेन खुर्चीत बसूनच राहिला, चहाचा कप दोन्ही हातांनी वर धरून. थांबल्यावर त्याने कप बघितला. "सांडला नाही," तो म्हणाला.

प्रशांतने फोन बघितला. "छोटाच होता. ऑल गुड."

"मोठा आला तर काय करशील तू?" मी लेनला विचारलं.

"चहा आधी पिऊन टाकीन."

हसले दोघं. प्रशांतने घरातले कोपरे, भिंतींच्या भेगा फिरून बघितल्या. ती त्याची सवय. लेनने शेडमधे जाऊन फाटकाचं दार तिवईवरून सरकलं नाही ना ते बघितलं. ती त्याची सवय. धुराडं बाहेरून जसंच्या तसं उभं होतं. मीही बघितलं, खोटं कशाला बोलू. आत मधल्या वळणावर विटा निसटून अडकून बसल्या होत्या, ते बाहेरून दिसण्यासारखं नव्हतं.

दुसरा कागद कोणी लावला नाही. सकाळी लावला होता ना. बापाचा नियम दिवसातून एकदाचा. तो नियम जिथे झाला तिथे सकाळचं धुराडं संध्याकाळी तेच असतं. लेन साठ वर्षं इथे राहिला, पण तो कागद इंग्लंडातच राहिला.

भट्टीत विस्तव जिवंत होता. त्यांनी त्यावर कोक घातला. कोक म्हणजे भाजून घेतलेला दगडी कोळसा. त्याला धूर येत नाही. साधा कोळसा असता तर दोघं खोकत बाहेर आले असते. मग दार लावलं, पडदा ओढला, पोतं टांगलं.

मी मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढत होते. भात्याचा आवाज येत होता, लांब, संथ. बराच वेळ चालला. मधे मधे थांबे, परत सुरू होई. एकदा लेन काहीतरी बोलला, प्रशांत हसला. मग भाता जोरात चालू झाला आणि मला कळलं की आता शेवटचा ताव. आता भाता थांबेल आणि लगेच हातोडा पडेल. पांढरं लोखंड वाट बघत नाही. भात्यावर बसलेल्या पोराला हे पहिलं कळतं, कारण भाता थांबल्यावर हातोड्याला वेळ झाला तर त्याच्याच पाठीत धपाटा बसतो.

भाता मंद झाला. थांबला. मी चादरीचं टोक हातात धरून उभी राहिले.

हातोडा आला नाही.

चादर तशीच टाकली. कुंपणाच्या मोडक्या फळीतून पलीकडे गेले. दार लावलेलं होतं, आणि लावलेलं दार उघडायचं नसतं. मी उघडलं.

पुढचं सुरुवातीला सांगितलं आहे. मी बूट धरले ते प्रशांतचे. माझ्या मुलीचा नवरा, माझ्या नातीचा बाप. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, आणि मी केला नाही. आधी लेनची बोटं नाडीतून सोडवावी लागली. ती घट्ट होती. तो प्रशांतला ओढत होता, की पडताना जे हाताला लागलं ते धरलं होतं, ते मला माहीत नाही. लोक म्हणतात ओढत होता. एवढंच सांगते की दाराची वाट लेनच्या बाजूला मोकळी होती, आणि त्याचं डोकं दाराकडे नव्हतं.

प्रशांतच्या पायात लेननेच बांधलेले बूट होते, दुहेरी गाठीचे. पूर्ण अंगणभर ओढलं तरी निघाले नाहीत. पायताण निघालं असतं तर माझ्याने तो माणूस हलला नसता.

त्याला गवतावर टाकलं. श्वास चालू होता, घरघरत. परत आत गेले. लेनला कातडी एप्रनच्या पट्ट्यांना धरून ओढलं. त्याला जास्त वेळ लागला. उंबऱ्यावर माझे डोळे मिटायला लागले. मी स्वतःला शिवी दिली, कागदावर नाही लिहिता येणार अशी, आणि त्याला बाहेर काढलं.

मग फोन. वैशालीने मला घराचा पत्ता इंग्लिशमधे पाठ करून घेतला होता, पाढ्यासारखा. इथला मदतीचा नंबर, एक-एक-एक, लावला. "ॲम्ब्युलन्स," म्हटलं. "टू मॅन. कोल फायर. बॅड एअर." आणि पत्ता. पलीकडची बाई शांत आवाजात काहीतरी विचारत राहिली. 'ब्रीदिंग' तेवढं कळलं. प्रशांत येस. लेन नो. ती म्हणाली, "पुश. चेस्ट. पुश." फोन गवतावर ठेवून मी लेनची छाती दाबायला लागले. ती फोनमधून मोजत होती, मी तिच्या आकड्यांवर दाबत होते. प्रशांत दोन हातांच्या अंतरावर घरघरत पडला होता, आणि मी त्याच्याकडे पाठ करून शेजाऱ्याची छाती दाबत होते.

वैशालीने पुढे एकदा विचारलं, "आई, त्याचा श्वास थांबला असता तर?"

"तर वळले असते," मी म्हटलं.

नर्स आहे, तिला कळतं.

लेनचे गाल गुलाबी दिसत होते, थंडीत खूप चालून आल्यासारखे. मला वाटलं रंग परत येतोय. ती हवा माणसाला असाच रंग देते, हेही मला नंतर कळलं. रंग बघून ताव ओळखायला जन्मभर शिकलेला माणूस आणि भात्यावर वाढलेली मी, आणि तो रंग मला वाचता आला नाही.

गाडी आली. दोन बाया आणि एक पुरुष. मला बाजूला केलं. प्रशांतच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. त्याने डोळे उघडले आणि मराठीत विचारलं, "जोड बसला?"

लेनचा एप्रन त्यांनी कात्रीने कापला. तो एप्रन खिशाजवळ फाटला होता, तो मी मागच्या दिवाळीत दाभणाने शिवून दिला होता, मेणाच्या दोऱ्याने. कात्री कातड्यावर अडखळत खालून वर आली, माझ्या टाक्यांच्या अगदी शेजारून. टाके तसेच राहिले. मग त्यांनी एप्रन दोन्ही बाजूंना उघडला आणि माझ्याकडे पाठ केली, आणि लेन मला दिसेनासा झाला.

शेडमधून तिघं बाहेर आलो. प्रशांत वाचला. मी वाचले. लेन वाचला नाही.